बाण की बटवडा?

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात १३३७ ते १४५३ या काळात जे युद्ध थांबत-पेटत चाललं, ते आपल्याकडे दोन-तीन नावांपुरतंच माहीत असतं. क्रेसी, अ‍ॅजिनकोर्ट आणि जोन ऑफ आर्क. त्यातल्या पहिल्या दोन नावांभोवती एक चित्र पक्कं बसलं आहे : चिखलात रुतलेले चिलखती फ्रेंच सरदार आणि त्यांना लांबून टिपणारे इंग्रज तिरंदाज. हे चित्र खोटं नाही, पण त्यावर शंभराहून अधिक वर्षांचा भार टाकला की ते मोडतं. म्हणून इथे त्याची उलटतपासणी आहे. आपल्या शास्त्रचर्चेच्या जुन्या रीतीने दोन पक्ष बोलतील. पूर्वपक्ष शस्त्राचा कैवारी आहे, उत्तरपक्ष फौजेच्या हजेरीपटाचा आणि पगारपत्रकाचा. लेखकाचा कौल उत्तरपक्षाला आहे हे आधीच सांगून टाकतो. मात्र पूर्वपक्षाला मुद्दाम लेचापेचा उभा केलेला नाही.

पूर्वपक्ष : तुम्ही वह्या-खतावण्या उघडण्याआधी जरा रणांगणाकडे बघा. २६ ऑगस्ट १३४६ ला क्रेसीला फ्रेंचांनी जेनोआचे भाडोत्री क्रॉसबोवाले पुढे घातले. त्यांच्या मोठ्या ढाली मागच्या सामानाच्या गाड्यांत राहिलेल्या. क्रॉसबो एकदा सुटला की पुन्हा ताणायला वेळ लागतो, तेवढ्यात लाँगबोवाला कितीतरी बाण सोडून मोकळा होतो. उघड्यावर उभे असलेले ते जेनोईज कोलमडले आणि त्यांच्या अंगावरून फ्रेंच घोडदळ पुढे घुसून तेही कापलं गेलं. १३५६ ला प्वातिएला तर फ्रान्सचा राजा झाँ दुसरा स्वतःच कैद झाला. २५ ऑक्टोबर १४१५ ला अ‍ॅजिनकोर्टला फ्रान्सचा सरसेनापती दाल्ब्रे मारला गेला, मार्शल बूसिको पकडला गेला. दोन्हीकडच्या सरदारांची चिलखतं सारखीच होती. वीस-पंचवीस किलोचा पोलादी पत्रा, शिरस्त्राणाला खाली ओढायची जाळी, आत कड्यांची विणलेली झूल. उत्तम माल दोघांनाही मिलानहूनच यायचा. अंगावरचा क्रूस इंग्रजांचा लाल आणि फ्रेंचांचा पांढरा, एवढाच काय तो फरक. मग निकाल एकाच बाजूला का लागत गेला? फरक होता तो यू झाडाच्या लाकडाच्या, माणसाच्या उंचीएवढ्या धनुष्याचा, म्हणजे लाँगबोचा. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या जहाजातून अशी दीडशेहून अधिक धनुष्यं वर काढली आहेत. ती ताणायला शंभर पौंडांहून अधिक, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या वरचा जोर लागत असे. असा खांदा लहानपणापासून घडवावा लागतो. १३६३ मध्ये एडवर्ड तिसऱ्याने फर्मान काढलं, की सणासुदीला फुटबॉलसारखे खेळ सोडा आणि धनुष्य उचला. इंग्लंडकडे हा माणूस होता, फ्रान्सकडे नव्हता. यात हिशेबनीस कुठे आला?

उत्तरपक्ष : फर्मानाचा दाखला तुम्हीच दिलात, बरं झालं. धनुष्य झाडावर पिकतं, पण बाणांचा साठा सरकारी कागदावर वाढतो. एका तिरंदाजाजवळची जुडी चोवीस बाणांची. नेटाने सोडू लागला तर काही मिनिटांत ती संपते. हजारो तिरंदाज परदेशात महिनोन्‌महिने लढवायचे तर लाखो बाण हवेत आणि प्रत्येक बाणाला लाकूड, पीस आणि पोलाद. १४०५ च्या कायद्याने बाणाच्या फाळाचं टोक पोलादाने कडक केलेलं असलं पाहिजे आणि त्यावर घडवणाऱ्या लोहाराची खूण पाहिजे, असं ठरवून दिलं. खूण का? माल कच्चा निघाला तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. १४१६ चा कायदा याहून मजेशीर आहे. चिखलात बुटांखाली घालायच्या लाकडी खडावा बनवणाऱ्यांना अ‍ॅस्पेनचं लाकूड वापरायला बंदी, कारण ते बाणांच्या काड्यांसाठी राखून ठेवायचं. पुढच्याच वर्षी हेन्री पाचव्याने शेरीफांना हुकूम पाठवला, की प्रत्येक पाळीव हंसाच्या पंखांतली सहा पिसं जमा करा. विणीच्या माद्यांना तेवढं वगळा. जे सरकार लंडनमध्ये बसून खेड्यातल्या खुराड्यापर्यंत हात पोचवतं आणि वर उबवणीचे पक्षीही सोडतं, त्या सरकारची ताकद धनुष्यापेक्षा मोठी आहे. खांदा शेतकऱ्याचा खरा, पण त्याला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर वेळेत उतरवणारा हात दुसराच होता.

आता तो हात जवळून पाहू. २९ एप्रिल १४१५ या तारखेचे अनेक करार आजही लंडनच्या दप्तरखान्यात आहेत. चामड्याच्या एकाच कागदावर एकच मजकूर दोनदा लिहायचा, मधून नागमोडी कापायचा, एक तुकडा राजाच्या तिजोरीखात्याकडे आणि दुसरा सरदाराकडे. भांडण झालं तर दोन्ही कडा जुळवून पाहायच्या. मजकुरात काय? सरदार किती चिलखती स्वार आणि किती तिरंदाज आणणार (सर्वसाधारण प्रमाण एकास तीन), किती काळासाठी, कुठे, कोणत्या दराने. ड्यूकला रोज १३ शिलिंग ४ पेन्स, अर्लला ६ शिलिंग ८ पेन्स, नाइटला २ शिलिंग, साध्या चिलखती स्वाराला १ शिलिंग आणि तिरंदाजाला ६ पेन्स, म्हणजे कुशल गवंड्याच्या रोजाइतके. लुटीचा वाटाही ठरलेला : शिपायाने तिसरा हिस्सा आपल्या सरदाराला द्यायचा, सरदाराने आपल्या तिसऱ्या हिश्शातला तिसरा राजाला. तिमाहीचा पगार आगाऊ. दुसऱ्या तिमाहीसाठी रोकड पुरेना, तेव्हा हेन्रीने आपले मुकुट आणि दागिने सरदारांकडे तारण ठेवले. त्यातल्या काहींचा हिशेब तो वारल्यावरही मिटला नव्हता. आपल्याकडच्या शिलेदारासारखा हा स्वार घोडा आणि हत्यार स्वतःचं आणायचा, पण तो जन्माने नव्हे, करारामुळे फौजेत उभा होता. यॉर्कचा ड्यूक काय आणि चेशायरचा तिरंदाज काय, दोघांचं नाव एकाच प्रकारच्या यादीत. १४१५ च्या हार्फ्लरच्या वेढ्यात हगवणीने आजारी पडून जे मायदेशी परतले, त्यांच्याही नावांच्या याद्या आहेत. त्या दयेपोटी केलेल्या नाहीत, त्या दिवसापासून पगार तोडायचा होता म्हणून केल्या. या हजेरीपटांतूनच इंग्रज अभ्यासकांनी १३६९ ते १४५३ मधल्या अडीच लाखांच्या आसपास सेवानोंदी गोळा केल्या आहेत. मध्ययुगातल्या साध्या शिपायाचं नाव आज आपल्याला वाचता येतं ते केवळ एका कारकुनाला त्याचे सहा पेन्स वाचवायचे होते म्हणून.

पूर्वपक्ष : हे सगळं ऐकायला छान आहे, पण अशी वही फ्रान्सकडेही होती. ३० एप्रिल १३५१ चा झाँ दुसऱ्याचा हुकूमनामा काढा. स्वारांनी सुटं यायचं नाही, किमान पंचवीस जणांच्या तुकडीत यायचं. बॅनर घेऊन येणाऱ्या बड्या सरदाराला रोज ४० सू, नाइटला २०, एस्क्वायरला १०, हत्यारबंद नोकराला ५. घोड्यांच्या रंग-खुणा लिहायच्या, म्हणजे एकच घोडा दोन हजेऱ्यांत फिरवता येणार नाही. तुमच्या कारकुनाला आवडेल असाच मसुदा. आणि पाचच वर्षांनी तो राजा प्वातिएला हातात सापडला! म्हणजे कागद होता आणि तरी हार झाली. खरं कारण समाजाच्या घडणीत आहे. फ्रेंच सरदाराला हत्यारबंद शेतकरी नको होता. १३५८ मध्ये उत्तर फ्रान्समध्ये शेतकऱ्यांनी सरदारांच्या गढ्या जाळल्या, ती धास्ती मनात घर करून राहिली. झाँ जुव्हेनाल दे झुर्सँ या इतिवृत्तकाराने लिहून ठेवलंय, की पुढे शार्ल सहाव्याच्या काळात लोक धनुर्विद्येत इतके तरबेज होऊ लागले, की ते एकवटले तर सरदारांनाच भारी पडतील अशी भीती वाटली आणि तो सराव थंड पडला. जिथे राज्यकर्त्याला आपल्याच रयतेच्या खांद्याची भीती वाटते, तिथे हजेरीपट काय करणार?

उत्तरपक्ष : १३५१ चा दाखला माझ्याच विधानाला मुरड घालायला लावतो, ती मी घालतो. नुसता हजेरीपट पुरत नाही. त्याच्या मागे दर महिन्याला भरणारी तिजोरी लागते. झाँचा मसुदा चांगला होता, पण पगाराला पैसा उभा करताना त्याने नाणं खोटं केलं, कर मागायला सभा बोलावल्या आणि १३५५ च्या सभेने पैसा मंजूर करताना वसुली आपल्या माणसांच्या हातात ठेवायचा आग्रह धरला. कर धड गोळा होण्याआधीच लढाई झाली. पण यानंतर काय झालं ते पाहा. राजाला सोडवायला तीस लाख सोन्याचे एक्यू खंडणी द्यायची ठरली आणि ती भरण्यासाठी १३६० च्या डिसेंबरात मिठावर, दारूवर, विकल्या जाणाऱ्या मालावर कर बसले. खंडणी पुरती फिटलीच नाही, कर मात्र राहिले. त्याच पैशावर शार्ल पाचव्याने कायम पगारी तुकड्या ठेवल्या आणि जानेवारी १३७४ मध्ये शंभर-शंभर स्वारांच्या कंपन्या, राजाने नेमलेले कप्तान, अशी घडी बसवली. सेनापती दु गेक्लँने मोठी लढाई टाळत एकेक गढी उचलली. १३८० ला शार्ल मेला तेव्हा इंग्रजांकडे कॅले, शेर्बूर, ब्रेस्ट आणि बोर्दो-बायोनच्या आसपासची पट्टी एवढंच उरलं होतं. इंग्रजांचा लाँगबो तोच होता, तिरंदाजही तेच होते. शस्त्रानेच निकाल लागत असेल तर ही वीस वर्षं तुमच्या पक्षाला पचवता येत नाहीत.

मग १४१५ का घडलं? कारण शार्ल पाचव्याने मृत्युशय्येवर घरटी कर माफ केला, पुढचा राजा १३९२ पासून वेडाच्या झटक्यांत गेला आणि राजघराण्यातल्या चुलत्या-पुतण्यांनी तिजोरी वाटून खाल्ली. हुशारी मात्र आटली नव्हती. अ‍ॅजिनकोर्टच्या काही दिवस आधी बूसिकोने केलेली लढाईची योजना ब्रिटिश लायब्ररीतल्या कागदांत सापडली आणि १९८४ मध्ये छापली गेली. तिच्यात तिरंदाज आणि क्रॉसबोवाले पुढे ठेवायचे आणि वेगळं घोडदळ इंग्रज तिरंदाजांवर घालायचं, असं स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे धनुष्याचं उत्तर फ्रेंचांना माहीत होतं! प्रत्यक्षात पहिल्या रांगेत उभं राहण्याचा मान जो तो मागू लागला, क्रॉसबोवाले मागे ढकलले गेले आणि घोडदळ पुरेसं जमलंच नाही. पगार फ्रेंच फौजेलाही होता, हे मान्य. पण पगारी फौजेच्या बरोबरीने राजाच्या हाकेवर आलेली सरदारांची गर्दी होती. राजा घरी, युवराज घरी आणि सरसेनापतीपेक्षा कुळाने वरचढ असलेले ड्यूक मैदानात. त्यांना मागे सरका म्हणण्याचा अधिकार कोणत्याही करारात लिहिलेला नव्हता. शेतकऱ्यांची धास्ती हा मुद्दा मी उडवून लावत नाही, तो खरा आहे. फक्त तो कायमचा नव्हता. १४४८ मध्ये फ्रान्सच्या राजानेच गावागावातून तिरंदाज उभे केले, त्याबद्दल पुढे बोलू.

पूर्वपक्ष : ते बोलण्याआधी दोन प्रश्नांना उत्तर द्या. पहिला १४२९ चा. त्या वेळी फ्रेंच राजाची तिजोरी फाटकी, सैन्य टोळ्यांचं, तरी जोनच्या येण्याने ऑर्लेआँचा वेढा उठला आणि १८ जूनला पातेला इंग्रज तिरंदाज घोडदळ अडवणाऱ्या खुंट्या रोवायच्या आत चिरडले गेले. वहीत तेव्हा काय होतं? विश्वास होता, दुसरं काही नाही. आणि दुसरा प्रश्न याहून अवघड. इंग्रजांनी जिंकलेल्या नॉर्मंडीतल्या त्यांच्या ठाण्यांइतकी चोख हजेरी त्या काळात क्वचितच कुठे असेल. हजेऱ्या नेमाने, वर तपासनीस, कोण किती दिवस गैरहजर, कोणी किती लूट मिळवली, सगळ्याची नोंद. तरी १४४९-५० मध्ये वर्षभरात ते राज्य पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळलं. हिशेब इंग्रजांचा उत्तम आणि विजय फ्रेंचांचा. सरळ सांगा ना, की फ्रेंच तोफखाना सांभाळणाऱ्या ब्युरो बंधूंच्या तोफांनी काम केलं. शस्त्राने दिलं होतं ते शस्त्राने नेलं.

उत्तरपक्ष : जोनपासून सुरू करतो. तिने जे केलं ते हिशेबात बसत नाही आणि ते बसवायचा अट्टहास मी करणार नाही. पण १४२९ च्या त्या लाटेचं पुढे काय झालं? सप्टेंबरात पॅरिसवरचा हल्ला फसला आणि त्याच महिन्यात शार्ल सातव्याला जियाँला फौज मोडून घरी पाठवावी लागली, कारण तिला पोसायला पैसा नव्हता. पातेनंतर नॉर्मंडी आणखी वीस वर्षं इंग्रजांकडे राहिली. विश्वासाने वेढा उठला, प्रांत परत मिळवायला तिजोरी भरावी लागली.

तोफांचं म्हणाल तर तोफा हेन्रीकडेही होत्या. १४१५ ला हार्फ्लरचे तट त्याने तोफांनीच फोडले. यंत्र दोघांचं एकच होतं. फरक असा, की शार्ल सातव्याकडे ती तोफ, तिचा गाडा, ओढणारे घोडे, दारू, गोळे आणि गोलंदाज वर्षभर सलग पगारावर ठेवण्याची ऐपत आली. आणि हे खातं कोणाच्या हातात होतं? झाँ ब्युरो आणि त्याचा भाऊ गास्पार यांच्या. झाँ पिढीजात लढवय्या नव्हता, कायदा आणि हिशेबाच्या कामातून वर आलेला माणूस. पुढे तो राजाचा खजिनदारही झाला. तुमच्या पक्षाचा सर्वांत मोठा तोफवाला माझ्याच पेढीवरचा निघतो, त्याला मी काय करू! नॉर्मंडीच्या मोहिमेत वर्षभरात साठाच्या आसपास ठाणी पडली. बरीचशी गोळा न झाडता, नुसत्या तोफा मांडल्या म्हणून शरण आली. तोफ येणार आणि ती टिकणार याची खात्री किल्लेदाराला वाटली, हाच तिचा अर्धा मारा होता.

उलट त्या वेळची इंग्रज वही उघडा. आकडे चोख आहेत, पैसा नाही. नॉर्मंडीचा कर उजाड झालेल्या गावांतून निघेना आणि इंग्लंडची पार्लमेंट हात आखडून बसलेली. १४३३ मध्ये राज्याचं कर्ज १ लाख ६८ हजार पौंड होतं, १४५० च्या सुमारास ते ३ लाख ७२ हजारांवर गेलं. नॉर्मंडीला कुमक म्हणून नेमलेली फौज पोर्ट्समथच्या बंदरावर थकलेल्या पगारासाठी अडून बसली होती. ९ जानेवारी १४५० ला चिचेस्टरचा बिशप अ‍ॅडम मोलिन्स त्यांना पैसे वाटायला तिथे गेला. रक्कम अपुरी, वरून वादावादी, आणि शिपायांनी त्या बिशपालाच ठार केलं. ही तीच फौज, जी तीन महिन्यांनी, १५ एप्रिलला फोर्मिन्यीला उभी राहिली आणि नष्ट झाली. तिच्यात लाँगबोवाल्यांचाच भरणा होता. रोवलेल्या खुंट्या, खंदक, सगळं जुन्याच रीतीचं. फ्रेंचांनी दोन हलक्या तोफा लांब उभ्या करून त्यांना डिवचलं आणि तेवढ्यात फ्रेंच सरसेनापती रिशमाँची ताजी फौज बगलेवर येऊन थडकली. ती वेळेत पोचली, कारण ती वर्षभर खडी होती.

ही खडी फौज शार्लने कशी उभी केली ते पाहिल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही. नोव्हेंबर १४३९ च्या ऑर्लेआँच्या हुकूमनाम्याने ठरवलं, की फौज उभारण्याचा हक्क एकट्या राजाचा, रयतेवर ‘ताय’ हा कर बसवण्याचाही त्याचाच आणि शिपायाने दरोडा घातला तर त्याचा कप्तान जबाबदार. सरदार यावर उठले. १४४० च्या त्या बंडात खुद्द युवराज लुई सामील होता. बंड मोडलं. १४४४ मध्ये तह झाला तेव्हा रिकामटेकड्या टोळ्यांचा प्रश्न उरला, कारण पगार नसलेला शिपाई शत्रूपेक्षा रयतेला जास्त लुटतो. १४४५ मध्ये त्यांतले निवडक कप्तान आणि माणसं ठेवून घेतली, बाकीच्यांना माफीपत्र देऊन घरी लावलं. पंधरा कंपन्या, प्रत्येकी शंभर ‘लान्स’. एका लान्समध्ये चिलखती स्वार, त्याचा हत्यारबंद साथीदार, एक पोरगा, दोन तिरंदाज आणि एक नोकर, सगळे घोड्यावर. म्हणजे नऊ हजार माणसं, त्यातली सहा हजार लढणारी, तह असो वा लढाई, बारमाही. नगरांनी त्यांना राहायला जागा द्यायची, आधी धान्य-मांस-चारा आणि मग रोख. त्यात तिरंदाज आहेत हे लक्षात घ्या. जी गोष्ट फ्रेंच समाजाला शंभर वर्षं जमली नाही असं तुम्ही म्हणता, ती एका पगारपत्रकात सरदाराशेजारी दुसऱ्या ओळीवर येऊन बसली. एप्रिल १४४८ मध्ये प्रत्येक गावच्या चर्चच्या हद्दीमागे एक तिरंदाज नेमला. त्याने शिरस्त्राण, तलवार, कट्यार, धनुष्य आणि आत लोखंडी पट्ट्या ठोकलेला किंवा जाड शिवलेला डगला ठेवायचा, सणाला सराव करायचा. मोबदला म्हणून ताय माफ.

पूर्वपक्ष : आणि ते गावठी तिरंदाज १४७९ ला गिनगातला हरले, लुई अकराव्याने ते मोडीत काढले. हेही वहीत लिहा.

उत्तरपक्ष : लिहिलं. करमाफीच्या आमिषाने खांदा घडत नाही, तुमचा पहिला मुद्दा तिथे जिंकतो. इंग्लंडची धनुर्विद्या खरी होती आणि फ्रान्सला तिची नक्कल साधली नाही. पण ही हार मोठ्या निकालाच्या सव्वीस वर्षं नंतरची आहे. तो निकाल १७ जुलै १४५३ ला कास्तियोंला लागला. साठी उलटलेला टॅल्बट, इंग्रजांचा सर्वांत नावाजलेला सेनानी, पूर्वी कैदेतून सुटताना दिलेल्या वचनामुळे चिलखताविना, आपली सगळी फौज येण्याची वाट न पाहता ब्युरोने आखलेल्या खंदकावर धावून गेला. गोळ्याने त्याचा घोडा पडला आणि तो त्याखाली सापडून मारला गेला. शौर्य, अनुभव, धनुष्य यांपैकी त्याच्याकडे काय कमी होतं? समोर बसलेली माणसं मात्र आठ वर्षं न चुकता पगार घेत होती.

माझा निकाल एवढाच, की त्या युद्धातली प्रत्येक एकेक लढाई बाणाने, चिखलाने किंवा तोफेने समजावून सांगता येईल. ती कोणी किती काळ चालवू शकला हे मात्र बटवड्यानेच कळतं आणि बटवडा कराने. सरदारांना सूट होती, तायचा भार शेतकऱ्याने उचलला. इंग्रज १४५३ नंतर कॅलेपुरते उरले, लढाई संपली, पण ताय उठला नाही. तो फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीपर्यंत वसूल होत राहिला.